चढायचं अमावास्येला, उतरायचं अष्टमीला

कोकणी मुसलमानाला बोटीचं कौतुक सांगू नये म्हणतात. त्याच्या घरात कुणी ना कुणी खलाशी असतो, सारंग असतो, निदान कुवेतला जाणारा तरी असतो. आमच्या भागात बोट हे पोटाचं साधन होतं. बोटीने माणूस जायचा आणि मनिऑर्डर यायची. पण बोटीत नुसतं बसायचं, कुठे पोचायची घाई नाही, काही उतरवायचं-चढवायचं नाही, पाण्याकडे बघत दोन दिवस घालवायचे, हे आमच्याकडे कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. आमचे अब्बा बत्तीस वर्षं जहाजावर होते. सुट्टीवर आले की बंदराकडे फिरकायचे नाहीत. शेजारी म्हणायचे, चला, खाडीवर हवा खायला. ते म्हणायचे, मी हवा खाऊनच आलोय.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही हे करायचं ठरवलंय. दाभोळची खाडी, खालपासून वरपर्यंत आणि परत, अगदी सावकाश. गेले दोन महिने त्याचीच आखणी चालली आहे. ही आखणी करता करता जे कळलं, ते इथे लिहिते आहे. कुणाला आपापल्या खाडीत असं काही करावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

आधी खाडीविषयी. चिपळूणवरून येणारी वाशिष्ठी आणि खेडवरून येणारी जगबुडी करंबवण्याजवळ एकमेकींना मिळतात आणि पुढे दाभोळपाशी समुद्राला भेटतात. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या बंदरापासून दाभोळच्या मुखापर्यंत पाण्याने अंतर साधारण ४० किलोमीटर. दोन्ही काठांना डोंगर उतरत आलेले, खाली कांदळ आणि तिवरांची झाडी, मधूनच माडांचा एखादा पट्टा, त्यातून डोकावणारा मशिदीचा मिनार किंवा देवळाचं शिखर. मुखाशी उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला धोपावे आणि अंजनवेल. अंजनवेलला गोपाळगड आहे, दीपस्तंभ आहे आणि वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्याही आहेत.

ही खाडी एकेकाळी जगाच्या नकाशावर होती. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेवर दाभोळलाच गलबतात चढला. बहमनी आणि नंतर आदिलशाही काळात इथून हज यात्रेकरू जात, अरबस्तानातून घोडे येत. डिसेंबर १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळलं. तरी बंदर पुरतं मेलं नाही. आज तिथे काठावर जी घुमटाची दगडी मशीद उभी आहे ती १६५९-६०च्या सुमाराची. तिची गोष्ट अशी सांगतात की विजापूरची एक शाहजादी हजला निघाली होती. दाभोळपर्यंत आली, पण पुढचा समुद्र सुरक्षित नव्हता. तिला परत फिरावं लागलं. प्रवासासाठी आणलेला पैसा तिने मशिदीला दिला. गोष्ट खरी किती, हे इतिहासकारांनी बघावं. मला त्यातली एवढीच बाब लक्षात राहते की बंदरापर्यंत आलेली बाई बंदरावरच थांबली.

आमच्या घरातल्या बायकांचंही पाण्याशी नातं बंदरापर्यंतचंच होतं. निरोप द्यायला जायचं आणि घ्यायला जायचं. अम्मीचं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, कालुस्त्याला. सासर खाली, दाभोळच्या बाजूला. १९७० साली लग्न झालं तेव्हा वऱ्हाड मचव्यातून आलं होतं. अम्मी अठरा वर्षांची. मी तिला एकदा विचारलं, अख्खी खाडी पाहिलीस ना तेव्हा? कशी होती? ती म्हणाली, "घुंगट होता गो. मी फळ्या पाहिल्या. फळ्यांच्या मधलं पाणी पाहिलं. कुणाच्या तरी पायातली नवी चप्पल पाहिली." तेवढंच. त्यानंतर रस्ते झाले, एसटी आली, मग गाड्या आल्या. माहेरी जायला पाण्यावाचून अडायचं बंद झालं. छप्पन वर्षांत ती खाडीच्या दोन टोकांना राहिली, आली-गेली, पण मधला भाग तिने पाहिलेला नाही.

म्हणून ही आखणी. तिचे गुडघे आता फार दिवस साथ देतील असं दिसत नाही. पुढच्या वर्षी ती धक्क्याच्या पायऱ्या उतरू शकेल की नाही, सांगता येत नाही.

भाईला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, कालुस्त्याला जायचंय तर गाडी काढू, दुपारच्या जेवणाला परत येऊ. भाई अठ्ठावीस वर्षं आखातात आहे. त्याच्या सुट्ट्या मोजून मिळतात. त्याला वेळ वाचवायची सवय लागली आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण हा प्रवास वेळ वाचवायचा नव्हता. हे त्याला पटवायला मला पाण्याने मदत केली. कशी, ते सांगते.

बोटवाला शोधला तो भोई समाजातला. या खाडीत मासेमारी करणारे बहुतेक भोई आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर. मी त्याला फोनवर म्हटलं, शनिवारी सकाळी वर जाऊ, रविवारी परत येऊ. तो म्हणाला, "ताई, शनिवार-रविवार तुमचे. पाण्याचा वार वेगळा. तिथी सांगा."

मग त्याने मला भरतीचं गणित शिकवलं. पंचांग वापरणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांना ते ठाऊकच असतं. तिथीला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, ढोबळमानाने. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या जरा आधी-नंतर. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी फिरते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग.

हे ऐकताना मला गंमत वाटली. तिथी चंद्राची, आमची तारीखही चंद्राचीच. फक्त आम्ही डोळ्यांनी चांद दिसल्यावर महिना धरतो, म्हणून आमची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे. त्याच्या भिंतीवर पंचांग आहे, माझ्या भिंतीवर मशिदीने वाटलेलं कॅलेंडर. दोन्हीत एक-दोन दिवसांचा फरक धरला की भरती त्याच वेळेला येते. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, मग तुमचं कॅलेंडर पण चालेल.

आता गणित असं. वर जायचं तर भरतीबरोबर जायचं, म्हणजे पाणीच ढकलतं, इंजिनावर ताण नाही, आणि वरच्या अंगाला जिथे गाळ साचलाय तिथे बोट टेकत नाही. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळूणकडे नदीतला गाळ काढला गेला, पण खाडीत अजूनही उथळ पट्टे आहेत आणि ते दरवर्षी जागा बदलतात. म्हणून उधाणाचा दिवस बरा. अमावास्येला सकाळी सहाच्या सुमाराला पाणी चढायला लागतं. सातला दाभोळहून निघायचं, दुपारी वर पोचायचं. वर भरती मुखापेक्षा तास-दीड तास उशिरा पुरी होते, म्हणजे आपण पोचतो तेव्हा धक्क्याला भरपूर पाणी. हे महत्त्वाचं. ओहोटीला या खाडीतल्या कितीतरी धक्क्यांसमोर गुडघाभर चिखल असतो. तरण्या माणसाला तो कळतही नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तो भिंतीसारखा.

आणि परत? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरतीच असते, म्हणजे उलटं पाणी. दुपारी ओहोटी लागते खरी, पण तोवर समुद्रावरून खारे वारे सुटतात. मे महिन्यात ते चांगलेच जोरात असतात. पाणी समुद्राकडे उतरतंय आणि वारा समुद्रावरून आत येतोय, असं झालं की मुखाजवळच्या रुंद पात्रात लाटा आखूड आणि उंच होतात. बोट आपटत चालते. म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला हे नको. उतरायचं तर सकाळी उतरायचं, वारा उठायच्या आत. म्हणजे पहाटे सहा-सातला भरती पुरी होऊन ओहोटी लागली पाहिजे. तशी सकाळ कधी येते? अष्टमीला.

अमावास्येला चढायचं आणि अष्टमीला उतरायचं. मध्ये आठवडा.

हे मी भाईला कागदावर काढून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, म्हणजे खाडीच आपल्याला आठ दिवस थांबवून ठेवते. मी म्हटलं, पूर्वी सगळ्यांनाच ठेवायची. माहेरी गेलेली बाई एका दिवसात परत येत नसे, त्याला मायाही कारण होती आणि पाणीही.

यंदा बकरी ईद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. म्हणून त्याआधीची मेमधली अमावास्या धरली आहे. वर पोचल्यावर एक-दोन संध्याकाळी जिलहिज्जचा चांद कालुस्त्याच्या अंगणातून बघायचा. अष्टमीला खाली उतरायचं. ईदला आपापल्या घरी. जिलहिज्जचे पहिले दिवस तसेही इबादतीचे. कुर्बानी करणाऱ्याने केस-नखं कापायची नसतात, त्यामुळे मामूंच्या न्हाव्याला शोधत बसायची एक कटकटही मिटली. मेच्या पुढे ढकलणं शक्यच नाही. १ जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते, पाऊस केव्हाही येतो, आणि मग खाडीचं पाणी कुणाचंच ऐकत नाही.

मामूंचं घर बंद आहे. मामू गेले, मुलं कुवेतला. या खाडीच्या दोन्ही काठांना अशी घरं ओळीने आहेत. वरती पाण्याची टाकी, खाली संगमरवर, दाराला कुलूप. पूर्वी ही माणसं जहाजावर जायची, केपटाउनला जायची, पूर्व आफ्रिकेत जायची. मग आखात आलं. घरं मोठी होत गेली आणि माणसं कमी. किल्ली शेजारच्या घरी आहे. आठ दिवस ते घर उघडायचं, झाडायचं, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करायच्या, कैरी घालून कोलंबी करायची. मामूंची सून व्हिडिओ कॉलवरून म्हणाली, निदान खिडक्या तरी उघडतील. तिचा आवाज जरा वेगळा झाला होता.

खाण्याचा प्रश्न सोपा. आम्ही शाफई, समुद्रातलं जवळजवळ सगळंच हलाल. मगर मात्र नाही, असं मी पोरांना आधीच सांगून ठेवलंय, कारण या खाडीत मगरी आहेत. मालदोलीच्या बाजूला काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, हल्ली पर्यटकही बघायला येतात. पोरांची पहिली अट मगर दिसण्याची आहे. माझी पहिली अट हात बोटीच्या आत ठेवण्याची.

नमाजचंही आम्ही बसून ठरवलं. पहिला प्रश्न कस्रचा. प्रवासात चार रकातींच्या दोन करता येतात, पण त्याला अंतर लागतं, ऐंशीएक किलोमीटर. आमची खाडी चाळीसची. म्हणजे पूर्ण चार. भाचा म्हणाला, एवढा बोटीचा प्रवास आणि सवलत काहीच नाही? दुसरा प्रश्न किब्ल्याचा. खाडी वळणं घेते, बोट फिरत राहते. मग बोटवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, मावळतीकडेच ना तुमचं? उतरताना तर नाळ सगळा वेळ मावळतीकडेच असते. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. कालुस्त्याहून दाभोळला येणारी बोट वळणं सोडली तर किब्ल्याकडेच येत असते.

बायकांच्या सोयीचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. साध्या होडीत संडास नसतो. पुरुषांना तो प्रश्न पडत नाही, म्हणून आखणीत येत नाही. आम्ही दोन-दोन तासांवर थांबे ठरवलेत, आणि प्रत्येक थांब्याला कुणाचं तरी घर आहे. एके ठिकाणी दूरची चुलत बहीण, एके ठिकाणी बोटवाल्याची सासुरवाडी. फोन केल्यावर कुणीही का म्हणून विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, चहा की जेवण.

बोटीवर ताडपत्रीचं छप्पर आहे. मे महिन्यात ते नसेल तर जाऊच नये. जीवरक्षक जॅकेट माणशी एक, मोजून. याबाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना रामदास बोट आठवते. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वादळी लाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आज्या पाण्याला भ्यायच्या त्या उगाच नाही. डिसेंबर २०२४मध्ये गेटवेहून घारापुरीला चाललेल्या बोटीचा अपघात झाला, तो तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. बोट नोंदणीची आहे का, किती माणसांचा परवाना आहे, हे विचारायला लाजू नये. चांगला बोटवाला त्याचा राग मानत नाही.

पाण्याचीही एक गोष्ट. या खाडीत वरच्या औद्योगिक पट्ट्यातलं सांडपाणी येत राहिलं आहे, आणि मासे मरून वर आल्याच्या बातम्या इथल्या माणसांनी कितीदा वाचल्या असतील. बोटवाला म्हणाला, पाणी बघून सांगेन. ज्या दिवशी रंग वेगळा, त्या दिवशी बोय नाही, कालवं नाही, डाळ-भात. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला वाईट वाटायला थोडा उशीर लागला. त्याच्या आजोबांचं घर याच पाण्यावर चाललं.

आता राहिला शेवटचा कागद.

१९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, २००८ साली मुंबईत समुद्रातून हल्लेखोर आले. त्या दोन्ही घटनांनी माणसं मारली, आणि किनाऱ्यावर पहारा हवा यात वाद नाही. पण तेव्हापासून किनाऱ्यावरच्या मुसलमानाला पाण्याजवळ उभं राहताना एक जादा हिशोब करावा लागतो. आमच्या बोटीत दोन दाढीवाले तरुण असतील, एक परदेशातून आलेला. कॅमेरे असतील. भाच्याला ड्रोन आणायचा होता. कुणी नको म्हणायच्या आधी त्यानेच तो बॅगेतून काढून ठेवला. चोवीस वर्षांचा मुलगा. त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

मी एक पत्र लिहून ठेवलंय. अमुक तारखेला अमुक कुटुंबातली अकरा माणसं अमुक बोटीने दाभोळहून कालुस्त्याला जाणार, अमुक तारखेला परत येणार, सोबत ओळखपत्रं आहेत. असं पत्र कुणी मागितलेलं नाही. माझ्या ऑफिसातली मैत्रीण दरवर्षी तारकर्लीला जाते, बोटीत बसते, फोटो टाकते. तिला मी पत्राबद्दल सांगितलं तर ती हसली, कशाला गं? मी म्हटलं, असू दे जवळ. "प्रयोजन" या शब्दापुढे काय लिहावं, यावर मी बराच वेळ अडले. धार्मिक नाही, व्यावसायिक नाही, वैद्यकीय नाही. शेवटी लिहिलं, "आईला खाडी दाखविणे." वाचून पाहिलं तेव्हा वाटलं, एवढ्या वर्षांत आमच्या घरातून कुठल्याच बोटीसाठी असं कारण कुणी लिहिलं नसेल. कागदावर नेहमी पगार असायचा, करार असायचा, जहाजाचं नाव असायचं.

निवांतपणा ही श्रीमंतांची चैन आहे, असं आमच्यात समजलं जातं. मला आता तसं वाटत नाही. गाडीच्या पेट्रोलपेक्षा ही बोट महाग आहे हे खरं, पण अकरा जणांत वाटली तर एका लग्नातल्या एका जोड्याएवढा खर्च येत नाही. अडचण पैशाची नव्हतीच. या पाण्यावर आपण काही कामाशिवाय असू शकतो, हे मनाला पटायला वेळ लागला. ज्या पाण्याने अब्बांना दरवेळी दहा-दहा महिने नेलं, त्याच पाण्यावर त्यांच्या बायकोने पाय पसरून बसावं, यात मला काही गैर दिसत नाही. उलट ते तिचं राहिलेलं येणं आहे असं वाटतं.

तयारी बहुतेक झाली आहे. गुडघ्याचा पट्टा नवा आणला. छत्र्या दोन. पाण्याचे कॅन सहा. बोटवाल्याने परवा पुन्हा फोन केला. म्हाताऱ्या माणसाला मागे, इंजिनाजवळ बसवतात, तिथे बोट कमी हलते, असं तो म्हणाला. मी अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताटावरून मान न काढता सांगितलं, जाताना बसव कुठेही, पण येताना मी पुढे बसणार.

बोटवाल्याला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, खुर्ची आणा, हाताची. चारी पाय फळीला बांधून देतो.